डाव्या बाजूचं दूध

माझी गाठ दुधाची नव्हती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्या बाईच्या छातीत आत्ता अशी गाठ आहे आणि घरातलं कोणीतरी तिला गरम कपड्याने शेक द्यायला सांगून राहिलं आहे, तिने पुढचं नाही वाचलं तरी चालेल. बाई गं, शेक हवा तर दे, पण उद्या सकाळी जाऊन दाखवून ये.

बाकीच्यांसाठी पुढचं लिहिते. मी जबलपुरात अकरावी-बारावीच्या पोरांना बायोलॉजी शिकवते. दिवसभर बडबड करायची सवय, तोंड बंद ठेवणं मला जमत नाही. तरी ही एक गोष्ट मी कितीतरी महिने कोणाजवळ बोलले नाही, कारण मला तिची शरम वाटत होती. आजाराची नाही हो. केस गेले तर डोक्याला रुमाल बांधून शाळेत गेले. "मॅडम, फॅशन है क्या?" म्हणणाऱ्या पोराला, "हो, तुझे मार्क पाहून केस उडाले," असंही सुनावलं. शरम दुसऱ्याच गोष्टीची होती.

*

रचना माझी धाकटी जाऊ. जबलपूरजवळच्या पनागरची, भाजीपाल्याच्या शेतीवाल्यांची लेक. माहेरी सगळी हिंदी. आमच्याकडे येऊन मराठी शिकली, पण जिव्हाळ्याचं किंवा रागाचं बोलायचं असलं की हिंदीत शिरते. आमच्या सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, मला 'ताई' म्हणायला तिला परोपरीने शिकवलं. तिने मला 'दीदी'च ठेवलं.

तिचा अंशू झाला आणि पाठोपाठ तिला डेंगू झाला. ती दवाखान्यात, लेकरू घरी. वरचं दूध त्याला पचेना, पाजलं की उलटी. माझी मुक्ता तेव्हा दहा महिन्यांची होती, अंगावर पीत होती. आईंनी अंशूला सरळ माझ्या मांडीवर आणून ठेवलं.

"घे गं. तुला काय कमी आहे? दोघांना पुरते."

आमच्याकडे यात नवल नाही. जावा एकमेकींची पोरं पाजत आल्या आहेत. माझ्या नवऱ्यालाही त्याच्या काकूने पाजलं होतं, आणि सुहास अजूनही त्या काकूसमोर आवाज चढवत नाही. रचना बरी होऊन घरी येईपर्यंत मी अंशूला पाजलं. शेजारच्या बायका येऊन म्हणायच्या, "क्या दिल है भाभी आपका!" मी मान खाली घालून हसायची. कौतुक छान लागत होतं, खोटं कशाला बोलू?

आता खरी गोष्ट. माझ्या डाव्या बाजूला गाठ होती, आवळ्याएवढी. अंशू यायच्या आधीपासून होती. आणि मुक्ता त्या बाजूला पीत नव्हती. डावीकडे लावलं की तोंड फिरवायची, पाय झाडायची, भोकाड पसरायची. उजवीकडे घेतलं की गप्प. मी आईंना दाखवलं.

"दूध साचून राहिलं हो," आई म्हणाल्या. "गरम कपड्याने शेक देत जा. आणि मुक्ता पीत नाही तर याला लाव त्या बाजूला. तान्हं लेकरू जोरात ओढते. गाठ मोकळी होऊन जाईन."

मी लावलं. मुक्ताला उजवी बाजू, अंशूला डावी. रोज, दर वेळी, ठरवून. मुक्ताने नाकारलेली बाजू मी जावेच्या लेकराच्या तोंडात दिली, आणि लोक मला मोठ्या मनाची म्हणत होते.

*

गाठ काही मोकळी झाली नाही. रचना घरी आली, तिला हळूहळू दूध आलं, अंशू तिच्याकडे गेला. मी पुन्हा शाळेत जायला लागले. अंशू रांगायला लागला तेव्हा एक दिवस अंघोळ करताना हात काखेत गेला आणि तिथेही काहीतरी लागलं. तेव्हा कुठे गेले दाखवायला.

सोनोग्राफी, मग सुई टाकून तपासणी, मग वाट पाहणं. रिपोर्टच्या दिवशी सुहास माझ्यासोबत होता. रेल्वेच्या ऑफिसात काम करणारा माणूस, कुठेही वेळेच्या आधी पोचतो. आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा झाडलोट चालू होती. बाकावर बसून त्याने पाण्याची बाटली उघडली, बंद केली, उघडली, बंद केली. मी म्हटलं, "अरे पी तरी." तो म्हणाला, "तहान नाही."

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी कॅन्सर हा शब्द पटकन उच्चारला, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. ताटकळत ठेवलं असतं तर मी खुर्चीतच विरघळले असते. दुसरं वाक्य होतं, "दूध पिला रही हैं अभी?" मी हो म्हटलं. "आज से बंद. अब कीमो चलेगी."

सुहास बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून रडला. मी रडले नाही. मला घरी जाऊन मुक्ताला अंगावरून कसं तोडायचं याचीच काळजी. कडुनिंब वाटून लावला. मुक्ताने चाटला, तोंड वाकडं केलं, आणि पुन्हा आली! शेवटी मी दुसऱ्या खोलीत जाऊन कडी लावली आणि ती दाराशी बसून रडली. या आजारात मला किती सुया टोचल्या, पण ते रडणं जितकं लागलं तितकं दुसरं काही नाही.

आईंना सांगितलं तेव्हा त्या ओट्याशी उभ्या होत्या. "मी शेक द्यायला सांगितलं," एवढंच म्हणाल्या. अंशूचं नाव त्यांनी घेतलं नाही, मीही घेतलं नाही. रचना दारात उभी होती, त्याला कडेवर घेऊन. त्या दिवसापासून घरात सगळं बोललं जायचं, तेवढं सोडून.

*

कीमोच्या दिवशी सकाळी जायचं, रक्त द्यायचं, थांबायचं, खुर्ची मिळाली की हात पुढे करायचा. एक सिस्टर सुई लावायच्या आधी आपले दोन्ही तळवे चोळून गरम करून घ्यायची. मी तिचं नावही विचारलं नाही, आता वाईट वाटतं. तिची ड्यूटी असली की दिवस बरा जाईल असं वाटायचं.

मग दुपारभर सलाईन. लोक झोपतात, मी फोनवर वाचायची. सुहास म्हणायचा, "काहून वाचून राहिली? घाबरशील." पण मास्तरणीला वाचू नको म्हटलं म्हणून ती ऐकते थोडीच.

मी पोरांना वर्षानुवर्षं शिकवत आले की जीन्स आई-बापाकडून लेकराकडे जातात आणि ज्या पेशीत असतात तिथेच बसून काम करतात. वाचलं ते निराळंच. पेशी आपल्याच आवरणाचे बारीक बारीक फुगे बाहेर सोडतात. पुस्तकी मराठीत त्यांना पुटिका म्हणतात, मी पुड्या म्हणते. पुडीत पेशी आपल्या जीन्सच्या नकला बांधून देते, कधी डीएनएचा एखादा तुकडासुद्धा. पुडी रक्तातून वाहत जाते, दुसरीकडची पेशी तिला गिळते, आणि आतला हुकूम तिथे चालायला लागतो. चांगल्या पेशीही हेच करतात, शरीरातले कितीतरी निरोप असेच पोचतात. पण कॅन्सरच्या पेशी भरमसाट पुड्या सोडतात. लांबच्या जागी आधी पुड्या पाठवून जमीन तयार करून ठेवतात, मग स्वतः जातात.

हातात सुई होती आणि मला मजा आली, खरं सांगते. मनातल्या मनात मी फळ्यावर आकृती काढत होते, इथे पेशी, इथे फुगा, इथे बाण. मग पुढची ओळ वाचली. या पुड्या रक्तात सापडतात, लाळेत सापडतात, आईच्या दुधात सापडतात.

मी फोन पालथा ठेवला आणि डोळे मिटून घेतले. सिस्टरने येऊन विचारलं, "दीदी, उल्टी आ रही है?" मी हो म्हटलं.

*

मुक्ताही माझंच दूध प्यायली होती, पण मला पहिली भीती वाटली ती अंशूची. मुक्ताने त्या बाजूला तोंड फिरवलं होतं. सगळ्या पुड्या गेल्या असतील तर त्याच्या पोटात. माझ्या कॅन्सरच्या चिठ्ठ्या त्याच्या आतड्यात, त्याच्या रक्तात, आणि तिथे कुठेतरी जमीन तयार होऊन राहिली असेल. बारावीच्या पोराने असं उत्तर लिहिलं असतं तर मी त्याला आधी पचनसंस्था वाचून ये म्हटलं असतं. पण माझं डोकं चालत नव्हतं.

मी अंशूला घेणं बंद केलं. माझं ताट वेगळं केलं, पेला वेगळा केला. तो रांगत रांगत यायचा, माझ्या मांडीला धरून उभा राहायचा, चिमणीच्या पिल्लासारखं तोंड उघडायचा. पूर्वी मी वरणभाताचा मऊ घास त्याच्या तोंडात घालायची. आता मूठ आवळून बसायची.

"दीदी, वो बुला रहा है आपको."

"नको गं. लहान मुलांचं इन्फेक्शन होते म्हणे मला."

रचनाने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या दुसऱ्या मांडीवर बसलेल्या मुक्ताकडे पाहिलं. "अच्छा," म्हणाली आणि त्याला उचलून घेऊन गेली. तिला काय वाटलं असेल हे मला कळत होतं. तिला वाटलं, मी तिच्या लेकरावर चिडले आहे, माझं दूध त्याने ओढून नेलं आणि माझ्या नशिबी हे आलं असं काहीतरी. मी तिला तसं वाटू दिलं. खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

ऑपरेशनच्या आधी आई मला नर्मदेवर ग्वारीघाटला घेऊन गेल्या. फुलवालीकडून पानाचा दोना घेतला, दिवा लावला. "माग काय मागायचं ते," आई म्हणाल्या. मी स्वतःसाठी मागितलं, मुक्तासाठी मागितलं. अंशूचं नाव ओठांवर आलं आणि मी ते गिळलं. का मागते, हे नर्मदामाईलाही सांगायची माझी तयारी नव्हती. दोना पाण्यात सोडला. आईंनी स्वतः दोन दिवे सोडले होते.

*

शेवटी डॉक्टरीणबाईंना विचारलं. सुहासला बाहेर पाठवलं आणि भडाभडा सगळं सांगून टाकलं, गाठ, मुक्ता, अंशू, पुड्या. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मॅडम, आप बायोलॉजी पढ़ाती हैं ना?"

"हो."

"तो बच्चों को पेट भी पढ़ाया होगा. इम्युनिटी भी."

मग त्यांनी शांतपणे समजावलं. दुधात पुड्या असतात हे खरं, आणि त्यांच्याबद्दल अजून पुष्कळ काही कळायचं आहे. पण पोट त्यातलं बरंचसं पचवून टाकतं. जे उरतं ते दुसऱ्याच्या घरात शिरलेलं परकं सामान, आणि त्या घराला स्वतःचे पहारेकरी असतात. "चिट्ठी पहुँच जाए, तो इसका मतलब ये नहीं कि भेजने वाला आकर बस गया. माँ के दूध से किसी बच्चे को ये बीमारी लगी हो, ऐसा मैंने न देखा, न पढ़ा. आप जिससे डर रही हैं, उसका कोई सबूत नहीं है."

मी श्वास सोडला. कितीतरी दिवसांनी पूर्ण श्वास. मग त्यांनी विचारलं, "बच्चे की माँ को बताया?"

"नाही."

"वो मैं नहीं कर सकती," त्या म्हणाल्या आणि पुन्हा पेन उचललं.

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. अंशूला काही होणार नाही म्हटल्यावर माझी भीती गेली, पण शरम होती तिथेच राहिली. कारण पुड्या कुठे गेल्या हा प्रश्नच नव्हता. मी त्याला भूक लागली म्हणून घेत होते आणि डावीकडे लावत होते माझी गाठ ओढून काढायला. आपल्या लेकीला जे नको झालं ते दुसरीच्या लेकराला चालतं, असं मी ठरवलं होतं.

*

ऑपरेशन झालं. डावी बाजू गेली. घरी आले तेव्हा बरगडीजवळून एक नळी बाहेर काढलेली आणि तिला बाटली, त्यात लालसर पाणी जमायचं. ती बाटली रिकामी करायची. सुहासला रक्त पाहवत नाही, आईंचे हात थरथरतात. रचनाने कोणाला न विचारता ते काम घेतलं. सकाळ-दुपार यायची, हात धुवायची, नळी दाबून धरायची, बाटली ओतायची. तोंड वाकडं नाही, नाक मुरडणं नाही. ती खाली वाकली की तिच्या भांगातला कुंकवाचा रंग दिसायचा आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटायचं.

एका दुपारी मला असह्य झालं.

"रचना, अंशूला मी कोणत्या बाजूने पाजत होते, माहीत आहे?"

"मुझे क्या पता, मैं तो अस्पताल में थी."

"डाव्या. रोज डाव्याच."

मग सगळं सांगितलं. आईंचं बोलणं सांगितलं, पण ते पुढे करून लपले नाही, मला लाज राहिली होती तेवढी. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या तेही आधीच सांगितलं, की त्याला धोका नाही. तिने बाटलीचं झाकण नीट लावलं. मोरीत जाऊन खूप वेळ हात धुतले. परत येऊन दारातच उभी राहिली.

"मुक्ता मुँह फेर लेती थी. तब आपको कुछ लगा नहीं?"

खोटं बोलता आलं असतं. "वाटलं," मी म्हटलं. "वाटलं, त्या बाजूचं दूध खराब झालं असेल, खारट झालं असेल. तुझा पीत होता."

"मेरा पी रहा था," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंशूला घेऊन पनागरला गेली. मटार तोडायला माणसं कमी आहेत, असं आईंना सांगून गेली. बाटली सुहासने रिकामी केली, डोळे अर्धे मिटून, अर्धी चादरीवर सांडली. आईंनी मला विचारलं, "काय बोललीस तिला?" मी सांगितलं.

"ते तर मी सांगितलं होतं ना तुला," आई म्हणाल्या. आवाज अगदी बारीक झाला होता.

"लावत मी होते, आई."

त्या माझ्या उशाशी बसून राहिल्या. मग उठून आपली एक जुनी सुती साडी फाडली, तिची गोल गादी शिवली, आत कापूस भरला. ब्लाउजमध्ये डावीकडे ठेवायला. इतकी मऊ की बाजारात अशी मिळायची नाही.

*

नळी निघाली, टाके सुकत आले, तरी रचनाचा फोन नाही. दीर पनागरला जाऊन-येऊन राहायचे, माझ्याशी नेहमीसारखं बोलायचे. तिने त्यांना काही सांगितलं नव्हतं. ते कळल्यावर मला जास्तच मेल्यासारखं झालं.

मग एक दिवस मी अंगणात उन्हात बसले होते आणि रिक्षातून ती उतरली. एका हाताने अंशू, दुसऱ्या हाताने मटारचं पोतं ओढत. पोतं माझ्यासमोर आपटलं, दोन पराती आणल्या, एक माझ्यापुढे सरकवली आणि सोलायला बसली. तिची परात अर्धी भरली.

"ग़ुस्सा हूँ मैं," ती म्हणाली. मान वर केली नाही. "अभी भी हूँ. मायके में सोचा था, उतर जाएगा. नहीं उतरा."

"असू दे."

"आपने दूध नहीं दिया होता तो ये बचता नहीं, ये भी मालूम है. दोनों बात एक साथ कैसे रखूँ, समझ नहीं आता." तिने नाक ओढलं. "और एक बात. बीमारी का डर था तो मुझे बोलना था. मेरे बच्चे को भूखा-सा मुँह खोले लौटा देती थीं आप. वो मैं रोज देखती थी."

माफी मागायला तोंड उघडलं तर नुसतं रडू आलं, तेही नाक वाहणारं, ओंगळ. परातीत मटारांवर टिपं पडली. रचनाने परात बाजूला ओढली.

"नमक मत डालो अभी से," ती म्हणाली. आणि उठून अंशूला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. मी सवयीने हात मागे घेतले.

"पकड़ो, दीदी! गिर जाएगा."

मी पकडलं. किती जड झाला होता! आता पावलं टाकत होता, दोन-चार शब्द बोलत होता. त्याने माझ्या डोक्यावरचा रुमाल ओढला, उगवलेल्या खुंटांवरून हात फिरवला. मग झोप आलेली लेकरं करतात तसा हात सरळ माझ्या ब्लाउजात घातला आणि डावीकडची गादी ओढून बाहेर काढली. उलटसुलट करून पाहिली.

"बॉल!" म्हणाला आणि फेकून दिली.

गादी घरंगळत आईंच्या पायाशी गेली. आई दारात उभ्या होत्या. मग रचनाच्या तोंडून हसू फुटलं, तिने पदराने तोंड दाबलं, तरी खांदे हलत होते. मी रडतच हसले. आई म्हणाल्या, "मेल्या, रात्रभर शिवत बसले होते रे ती," आणि त्याही हसल्या.

अंशूला आमच्या हसण्याचं काही नव्हतं. त्याने डोकं टेकलं, ते नेमकं डाव्या बाजूला, जिथे आता सपाट होतं. टाक्यांवर त्याच्या गालाचा भार आला, दुखलं. डोळे मिटायला लागले. मी हळूच त्याच्या डोक्याखाली हात घातला, उजवीकडे घ्यायला.

रचनाने पुन्हा परात पुढे ओढली होती. सोलता सोलता तिने पाहिलं.

"दुखता है?"

"थोडं."

तिने हातातली शेंग परातीत ठेवली.

"फिर भी उसी तरफ सोने दो, दीदी."

मी हात काढून घेतला.